उसाचा आजार बेण्यातून येतो

आडसाली लागणीचे दिवस आले की पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : बेणे कोणाचे आणायचे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. शेजारच्या शिवारात एखाद्याचा फड उंच, हिरवागार दिसतो. त्याच्याकडूनच दोन ट्रॉली बेणे घेऊ, असे घरात ठरते. दुसऱ्या दिवशी ऊस तोडला जातो, कोयत्याने दोन डोळ्यांची टिपरी पाडली जातात आणि संध्याकाळपर्यंत सरीत पाणी सुटते. ऊस कोणत्या जातीचा आहे, हे आवर्जून विचारले जाते. तो निरोगी आहे का, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

पुढच्या उन्हाळ्यात फडातून फेरी मारताना एखाद्या बेटाच्या शेंड्यातून काळा, लांब चाबकासारखा पट्टा बाहेर आलेला दिसतो. पोरे तो उपटून खेळायला घेतात आणि हात काजळी लागल्यासारखे काळे होतात. ही काणी. त्या काळ्या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे बुरशीचा बीजाणू असतो आणि एका चाबकातून दिवसाला असे कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर सुटतात. शेतकरी म्हणतो, यंदा रोग आला. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा वर्षभरापूर्वीच, त्या दोन ट्रॉलींतून, शेतात आलेला असतो.

उसाच्या रोगांची सगळी गोष्ट या एका मुद्द्याभोवती फिरते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. एवढ्या काळाचे पाणी, खत आणि मजुरी त्यात गुंतलेली असते, सोसायटीचे कर्ज त्यावर असते. ज्वारी-सोयाबीनसारखे तीन-चार महिन्यांत हिशेब मिटवणारे हे पीक नाही. त्यात रोग शिरला तर लागणीबरोबर पुढचा खोडवा आणि निडवाही जातो.

बी नव्हे, टिपरी

गहू किंवा हरभऱ्याचे बी म्हणजे नव्या पिढीची सुरुवात असते. बियाण्यातूनही काही रोग पसरतात, पण झाडाच्या आतले कितीतरी जंतू बियाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही एक नैसर्गिक गाळणी असते. ऊस आपण बियांपासून लावत नाही. उसाचा तुकडा मातीत ठेवतो आणि त्याच्या डोळ्यातून नवा ऊस फुटतो. म्हणजे नवा ऊस हा जुन्या उसाचाच पुढे वाढलेला भाग असतो. मूळ उसात बुरशी, जिवाणू, विषाणू जे काही असेल ते टिपरीबरोबर जसेच्या तसे पुढे जाते. मधली गाळणी इथे नाही.

त्यावर खोडव्याची भर पडते. तोडणीनंतर जमिनीत उरलेल्या बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटतो, तेव्हा लागणीतला रोग तिथेच मुक्कामाला असतो. काणी, गवताळ वाढ, खोडव्यातला खुजेपणा हे रोग लागणीपेक्षा खोडव्यात जास्त दिसतात, ते याच कारणाने. तिसरी वाट कोयत्याची. रोगट उसाचा रस कोयत्याला लागतो आणि त्याच कोयत्याने पुढची निरोगी टिपरी पाडली जातात. दवाखान्यात एकच सुई दहा जणांना वापरण्यासारखाच हा प्रकार आहे.

एका लाडक्या जातीची गोष्ट

याची किंमत किती मोठी असू शकते, हे गेल्या काही वर्षांत उत्तर प्रदेशाने पाहिले आहे.

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल केंद्रात तयार झालेली 'को ०२३८' ही जात २००९ मध्ये उत्तर भारतासाठी प्रसारित झाली. ऊस भरपूर आणि साखरही भरपूर, हे एकत्र जमणे अवघड असते. या जातीने ते जमवले. उत्तर प्रदेशातला साखरेचा सरासरी उतारा २०१२-१३ च्या सुमारास सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास होता. सात-आठ वर्षांत तो अकरा टक्क्यांच्या पुढे गेला. कारखाने खूश होते, शेतकरीही खूश होते. २०२० च्या सुमारास राज्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर ही एकच जात उभी होती.

नेमके तिथेच बुरशीचे फावले. 'लाल कूज' हा उसाचा कर्करोग म्हणून ओळखला जाणारा रोग 'कोलेटोट्रायकम फाल्केटम' या बुरशीमुळे होतो. ही बुरशी स्वतःत बदल करत राहते. 'को ०२३८' प्रसारित झाली तेव्हा त्या काळातल्या बुरशीला ती दाद देत नव्हती. पण लाखो हेक्टरवर एकच जात असताना, तिच्यात शिरू शकणारा बुरशीचा एखादा नवा प्रकार निपजला की त्याला पुढे अडवणारे काहीच उरत नाही. शास्त्रज्ञांनी या नव्या प्रकाराला 'सीएफ १३' असे नाव दिले. आधी राज्याच्या पूर्व भागात आणि मग मध्य व पश्चिमेकडे रोग सरकत गेला. उभे फड वाळले. शासनाला ही जात लावू नका असे सांगावे लागले आणि 'को ०११८', 'को १५०२३', 'कोशा १३२३५', 'कोलख १४२०१' अशा पर्यायी जातींचे बेणे वाढवण्याची धावपळ सुरू झाली.

ही गोष्ट नवी नाही, म्हणून जास्त बोचते. लाल कुजीचे वर्णन १८९३ मध्ये जावा बेटावर वेंट या शास्त्रज्ञाने केले. भारतात ती १९०१ मध्ये गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात नोंदवली गेली. १९३८-३९ च्या सुमारास उत्तर प्रदेश-बिहारमध्ये 'को २१३' ही त्या काळची लोकप्रिय जात याच रोगाने कोसळली. पुढे 'को ११४८' हिचेही तेच झाले. दर वेळी क्रम तोच राहिला : एक चांगली जात येते, सगळे तीच लावतात, बुरशी तिचे कुलूप उघडायला शिकते.

महाराष्ट्रात लाल कूज आजवर फार मोठ्या प्रमाणावर माजलेली नाही. पण इथेही 'को ८६०३२' या जातीने दोन दशकांहून अधिक काळ राज्याच्या फार मोठ्या क्षेत्रावर राज्य केले आहे. १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेली ही जात खरोखर गुणी आहे. पाण्याचा ताण सोसते, खोडवा चांगला देते, उतारा टिकवते. पण उत्तर प्रदेशात गुणी जातच गेली, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या गुजरातमध्ये आणि तामिळनाडूत 'कोसी ६७१' या साखरेने गच्च भरलेल्या जातीलाही लाल कुजीने गाठले होते. बेण्याच्या ट्रॉलीला राज्याची सीमा अडवत नाही.

लाल कूज ओळखायची कशी?

बाहेरून पाहता शेंड्याकडून तिसरे-चौथे पान कडेने पिवळे पडून वाळू लागते आणि हळूहळू सगळा शेंडा सुकतो. खात्री करायची तर ऊस उभा चिरावा. आतला गाभा लालसर दिसतो आणि त्या लाल भागात मधे मधे आडवे पांढरे पट्टे असतात. लाल रंग इतर कारणांनीही येतो, पण लालीतले हे पांढरे आडवे पट्टे ही या रोगाची खूण आहे. चिरलेल्या उसाला आंबूस, दारूसारखा वास येतो.

नुकसान दुहेरी होते. वजन घटतेच, शिवाय बुरशी उसातली साखर मोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. ती साखर कारखान्यात स्फटिक रूपात बाहेर पडत नाही, मळीत जाते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, उताऱ्याशी बांधलेला आहे. त्यामुळे एकाच्या फडातला रोग त्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या सगळ्यांच्या दरात थोडा थोडा उतरतो.

रोगाचे बेट दिसले तर ते मुळासकट खणून काढावे, जाळावे आणि खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकून माती ओढावी. त्या फडातले पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडू नये, कारण बीजाणू पाण्याबरोबर वाहत जातात. खोडवा ठेवू नये. पुढच्या हंगामात तिथे ऊस न लावता भातासारखे दुसरे पीक घ्यावे. ही बुरशी उसाशिवाय मातीत फार काळ तग धरत नाही, म्हणून फेरपालट इथे खरोखर कामाला येते. उभ्या उसावर फवारणी करून आतली लाल कूज बरी होत नाही.

आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची जास्त गाठ पडते ती पुढच्या रोगांशी.

काणीचे वर्णन वर आलेच. चाबूक येण्याआधीच त्या बेटातले ऊस बारीक, पाने अरुंद आणि फुटवे जास्त दिसू लागतात. चाबूक दिसल्यावर तो नुसता उपटून बांधावर फेकणे म्हणजे रोग पेरणे. त्यावर अलगद प्लॅस्टिकची पिशवी किंवा ओले पोते चढवावे, मग कापावा, बेट खणून काढावे आणि सगळे जाळावे. हे काम सकाळी, वारा पडलेला असताना केलेले बरे. एके काळी महाराष्ट्रात गाजलेली 'को ७४०' ही जात काणीला फार लवकर बळी पडायची. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये २००६ मध्ये काणी पहिल्यांदा सापडली, तेव्हा तिथल्या ऊस उद्योगाने काही वर्षांत जवळजवळ सगळ्या जाती बदलून रोगप्रतिकारक जाती आणल्या. हा रोग औषधाने नव्हे तर जातीने आणि बेण्याने आटोक्यात येतो, हे त्यातून दिसते.

गवताळ वाढ या रोगाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. भारतात तो १९४९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या बेलापूर परिसरात नोंदवला गेला. बेटाच्या बुडातून गवतासारखे बारीक, पांढरट-पिवळे असंख्य फुटवे येतात, पण त्यांचा ऊस होत नाही. फायटोप्लाझ्मा नावाचे, जिवाणूंच्या कुळातले पण पेशीभित्ती नसलेले जंतू उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतात आणि हा रोग घडवतात. मुख्यतः बेण्यातून आणि काही प्रमाणात तुडतुड्यांमार्फत तो पसरतो. एकोणिसाव्या शतकात जावा बेटावर 'सेरेह' नावाच्या अशाच एका रोगाने उसाची दाणादाण उडवली होती. सेरेह हा जावानीज शब्द गवती चहासाठी वापरतात. रोगट ऊस तसाच दिसायचा. त्या संकटातूनच तिथे डोंगराळ भागात निरोगी बेण्याचे मळे करण्याची पद्धत आली आणि नव्या जाती संकराने तयार करण्याच्या कामाला जोर चढला.

खोडव्यातला खुजेपणा हा सर्वांत फसवा. त्याला बाहेरून दिसणारे ठळक लक्षण नाही. ऊस थोडा बारीक, थोडा आखूड राहतो. शेतकरी म्हणतो, जमीन थकली, खत कमी पडले. १९४४-४५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. बरीच वर्षे तो विषाणूमुळे होतो असे समजले जात होते. त्यामागे एक अतिशय लहान, वाढवायला कठीण असा जिवाणू आहे, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. ऊस चिरला तर पेराच्या बुडाशी, आत नारिंगी-लालसर ठिपके दिसू शकतात. हा रोग पसरतो तो बेण्यातून आणि कोयत्यातून.

पोक्का बोंग हे नावही जावाचेच. अर्थ, शेंडा बिघडलेला. पावसाळ्यात, दमट ढगाळ हवेत कोवळ्या पानांच्या बुडाशी पिवळेपणा येतो, पाने चुरगळतात, एकमेकांत गुंततात आणि वेडीवाकडी होतात. रोग वाढला तर शेंडा कुजतो, कांडीवर चाकूने काप दिल्यासारख्या खाचा पडतात. फ्युजेरियम गटातल्या बुरशीमुळे तो होतो. बऱ्याचदा पाऊस ओसरल्यावर ऊस सावरतो. सुरुवातीलाच दिसला तर मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी उपयोगी पडते.

कोल्हापूर, सांगली, सातारा भागात, विशेषतः आडसाली उसावर, पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके आणि तांबेरा दिसतो. तपकिरी ठिपके लांबट असतात आणि त्यांच्याभोवती पिवळे वलय असते. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी पुळ्या येतात आणि बोट फिरवले की गंजासारखी पूड लागते. दाट लागण, नत्राचा अतिरेक आणि साचलेले पाणी या तिन्ही गोष्टी या रोगांना पोसतात. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या करण्याची शिफारस असते. मात्र सहा-सात फुटांच्या वर गेलेल्या फडात फवारणी अवघड आणि महाग होते, म्हणून लक्ष लवकर असावे लागते.

याशिवाय पिवळ्या पानांचा विषाणूजन्य रोग आहे. वयात आलेल्या उसाच्या पानाची मधली शीर खालून पिवळी होते आणि मावा हा रोग पसरवतो. खोडव्यात लोहाच्या कमतरतेने येणारा केवडाही पिवळाच दिसतो, पण तो कोवळ्या पानांवर शिरांमधल्या पट्ट्यांत येतो आणि लोह दिल्यावर सुधारतो. हा फरक ओळखला नाही तर विषाणूवर बुरशीनाशक आणि लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक, अशी उलटसुलट फवारणी होते. पैसे जातात, ऊस तसाच राहतो.

उष्णतेचा इलाज

बेण्यातले जंतू मारायचे पण डोळा जिवंत ठेवायचा, हे कसे जमवायचे? त्याचे उत्तर उष्णतेत सापडले. उसाची पेशी जेवढी उष्णता काही काळ सोसू शकते, तेवढी तिच्या आतले बरेच जंतू सोसू शकत नाहीत. या अरुंद फटीचा फायदा घेतला जातो.

ऊस संशोधन केंद्रांत आणि अनेक साखर कारखान्यांकडे उष्ण बाष्पयुक्त हवेचे संयंत्र असते. त्यात बेणे ५४ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण अडीच तास ठेवतात. दुसरी पद्धत ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास बुडवण्याची. तापमान दोन अंशांनी वाढले तर डोळे मरतात, दोन अंशांनी घटले तर जंतू वाचतात. म्हणून हा घरच्या चुलीवर करण्याचा प्रयोग नव्हे. गवताळ वाढ, खुजेपणा आणि काणी यांवर ही प्रक्रिया चांगली चालते. लाल कुजीने आत खोलवर घर केलेले असेल तर ती तेवढी भरवशाची नाही.

असे बेणे थेट सगळ्या शेतकऱ्यांना पुरवणे शक्य नसते. म्हणून त्रिस्तरीय बेणे मळ्याची पद्धत आहे. प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून पायाभूत बेणे आणि त्यापासून प्रमाणित बेणे तयार होते. एका एकराच्या मळ्यातून साधारण दहा एकरांचे बेणे मिळते, म्हणजे दोन टप्प्यांत एका एकराचे शंभर एकर होतात. प्रत्येक टप्प्यावर मळ्याची तपासणी करून रोगट बेटे काढून टाकायची असतात. तपासणी फक्त कागदावर झाली तर हीच साखळी रोगाचेही एकाचे शंभर करते.

ऊतीसंवर्धन ही आणखी एक वाट. शेंड्याच्या अगदी टोकाचा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान भाग झपाट्याने वाढत असतो आणि विषाणू तिथे सहसा पोहोचलेले नसतात. तो भाग प्रयोगशाळेत वाढवून रोपे तयार केली जातात. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशी रोपे पुरवते. ही रोपे महाग पडतात, म्हणून सगळे शेत त्यांनी भरण्यापेक्षा थोड्या क्षेत्रात स्वतःचा बेणे मळा करण्यासाठी ती वापरणे परवडते.

अलीकडे एक डोळ्याच्या ट्रेमधल्या रोपांची चलती आहे. लागण सोपी होते, बेणे कमी लागते, तूट कमी पडते. पण रोप हिरवे आणि टवटवीत दिसते म्हणून ते निरोगी असतेच असे नाही. रोपवाटिकेने डोळे कोणत्या मळ्यातून आणले, हा प्रश्न इथेही तेवढाच महत्त्वाचा आहे.

लागणीपूर्वीचा अर्धा दिवस

बेण्याचे वय नऊ ते अकरा महिन्यांचे असावे. जून झालेल्या उसाचे डोळे उशिरा आणि कमी उगवतात. खोडव्याचे बेणे वापरू नये. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. टिपरी पाडताना ज्या कांडीचा कापलेला भाग लाल दिसेल ती बाजूला काढावी. कोयता अधूनमधून निर्जंतुक द्रावणात किंवा उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावा.

त्यानंतर बेणेप्रक्रिया. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून त्यात टिपरी दहा मिनिटे बुडवतात. यामुळे जमिनीतल्या बुरशीपासून कापलेल्या टोकांचे रक्षण होते. नाहीतर 'अननस रोग' होतो. मातीतली बुरशी टिपरीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते, टिपरी आतून काळी पडते आणि चिरली तर पिकलेल्या अननसाचा वास येतो. उगवण विरळ झाली की शेतकरी बेण्याला दोष देतो, पण कारण बहुधा हे असते. बुरशीनाशकाचे पाणी निथळल्यावर ॲसेटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात टिपरी अर्धा तास ठेवतात. हा क्रम उलटा करू नये, नाहीतर बुरशीनाशकाच्या द्रावणात जिवाणूंचाही बळी जाऊ शकतो. रसायन हाताळताना हातमोजे घालावेत आणि डब्यावरच्या सूचना वाचाव्यात. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

हे सगळे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मजूर खोळंबलेले असतात, पाण्याची पाळी निघून जाणार असते, म्हणून नेमके तेच टाळले जाते.

लागणीनंतर पहिले चार-पाच महिने पंधरवड्यातून एकदा फडातून फेरी हवी. एवढ्या काळात रोगट बेट काढले तर शेजारचे फुटवे जागा भरून काढतात. ऊस डोक्यावर गेला की आत शिरणेच कठीण होते. तोडणीच्या वेळी खोडव्याचा निर्णय फडातल्या रोगावरून घ्यावा. रोगट बेटे तुरळक असतील तर ती काढून खोडवा ठेवता येतो. जागोजागी असतील तर खोडवा मोडणे हेच शहाणपणाचे. लागणीचा खर्च वाचतो म्हणून ठेवलेला रोगट खोडवा आजूबाजूच्या फडांसाठी बीजाणूंचा साठा होऊन बसतो.

जातींची मिसळ

नवी जात एका रात्रीत येत नाही. उसाला तुरा यावा लागतो, दोन जातींचा संकर व्हावा लागतो आणि त्याच्या धाग्यासारख्या बारीक बियांपासून हजारो रोपे वाढवून त्यातून निवड करावी लागते. महाराष्ट्राच्या पठारावर उसाला हवा तसा तुरा येऊन बी धरत नाही. म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे संकर केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला आहे. निवडलेल्या उसांत मुद्दाम रोग घालून ते टिकतात का, हे पाहतात. लाल कुजीच्या चाचणीत उभ्या उसाला भोक पाडून त्यात बुरशी सोडतात आणि सुमारे दोन महिन्यांनी ऊस चिरून लाली किती पसरली ते मोजतात. या साऱ्याला दहा-बारा वर्षे सहज लागतात. 'फुले २६५'सारख्या जाती देणारे पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हे काम करत आले आहे.

एवढ्या कष्टाने आलेली जात टिकवायची तर ती सगळीकडे एकटीच लावू नये. एका शेतकऱ्याकडे पाच एकर ऊस असेल तर त्यात दोन-तीन जाती असाव्यात. कारखान्यानेही लागणीच्या नोंदी घेताना कार्यक्षेत्रात एकाच जातीचा वाटा किती होऊ द्यायचा, हे ठरवावे. सरसकट एकच जात असली की तोडणीचे नियोजन सोपे होते हे खरे, पण बुरशीचे कामही तेवढेच सोपे होते.

रसवंतीवरचा ग्राहक

शहरातल्या वाचकाचा या सगळ्याशी संबंध रसवंतीच्या ग्लासापुरता वाटेल. तिथेही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उसाचे हे रोग वनस्पतींचे आहेत, ते माणसाला होत नाहीत. पण तोडून दीर्घकाळ साठवलेल्या, बुरलेल्या उसाची गोष्ट वेगळी. चीनच्या उत्तर भागात हिवाळाभर साठवलेला ऊस खाल्ल्याने विषबाधा होऊन अनेक जण, विशेषतः मुले, दगावली किंवा कायमची अपंग झाली आहेत. अशा उसावर वाढणारी आर्थ्रिनियम गटातली बुरशी '३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल' नावाचे विष तयार करते आणि ते मेंदूला इजा करते. ही बुरशी लाल कुजीच्या बुरशीपेक्षा वेगळी आहे, पण नुसत्या नजरेने फरक ओळखणे कोणालाही शक्य नाही. म्हणून आतून लालसर-तपकिरी झालेला, मऊ पडलेला, आंबूस वासाचा ऊस चोखू नये आणि त्याचा रसही पिऊ नये. गाडीवरचा ऊस चरकात जाण्याआधी कापलेल्या टोकाकडे एक नजर टाकली तरी पुरते.

शेतकऱ्यालाही तीच नजर लागते. यंदा बेणे ठरवायला शेजारच्या फडात जाताना बांधावरून उंची पाहून परत येऊ नये. आत शिरावे, चार ठिकाणचे चार ऊस मागून घ्यावेत आणि बांधावरच उभे चिरावेत. हे बेणे मूळ कोणत्या मळ्यातून आले, किती वर्षे फिरते आहे आणि मागच्या खोडव्यात काणी किंवा गवताळ बेटे होती का, हे विचारून घ्यावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर चार ऊस चिरून वाया गेले, एवढेच नुकसान. ट्रॉली भरल्यावर कळले तर अठरा महिने थांबावे लागते.